कोरड्याला विटाळ नाही

आमच्या घरी विजेचा दिवा लागला तो मी इंग्रजी तिसरीत गेलो त्या वर्षी. परंतु वीज त्याच्या पुष्कळ आधीपासून घरात नांदत होती, आणि तिचा मुक्काम आजीच्या सोवळ्यात असे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मार्गशीर्ष-पौषातली थंडी कोरडी पडे. ओठ फुटत, टाचांना भेगा जात, दाराच्या फळ्या आकसून त्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येत. आणि अशा दिवसांत पहाटेची पूजा आटोपून आजी काळोख्या माजघरात मुकट्यावर पांघरलेली धाबळी उतरवू लागली, की रेशमापासून लोकर सुटताना चुरचुर असा बारीक आवाज होई व निळसर ठिणग्यांची एक ओळ क्षणभर उमटून विझून जाई. मी अंथरुणातून डोळे किलकिले करून त्या क्षणाची वाट पाहत असे. आजीला मात्र त्याचे यत्किंचितही नवल वाटत नसे. "सोवळ्याला तेज असतं," एवढेच तिचे त्यावर भाष्य होते, आणि त्या भाष्याच्या पुढे जाण्याची मुभा आमच्या घरात कोणाला नव्हती.

आजीचे सोवळे हे एक स्वयंपूर्ण शास्त्र होते. त्याला परिभाषा होती, नियम होते, अपवाद होते, आणि अपवादांनाही पोटनियम होते. सुती वस्त्राला विटाळ होतो, रेशमाला आणि लोकरीला होत नाही. ओल्या अन्नाला होतो, कोरड्या धान्याला होत नाही. ओवळ्याला जो शिवला तो ओवळा, त्याला जो शिवला तोही ओवळा, आणि अशा रीतीने दहा माणसे एकमेकांना हात लावून उभी असली तर पहिल्याचा विटाळ दहाव्यापर्यंत निमिषार्धात पोचतो. मात्र मध्ये एखादी कोरडी काठी आली की तो तेथेच अडतो, आणि म्हणूनच सोवळ्याचे वस्त्र उंच वळणीवर टाकायचे ते काठीने. पाटावर बसलेला माणूस हा आपल्या पाटापुरता स्वतंत्र संस्थानिक. हे सारे नियम मला सातव्या-आठव्या वर्षीच पाठ झाले होते, कारण ते मोडण्याचे बहुतेक प्रकार मी करून पाहिले होते, आणि प्रत्येक प्रकाराची शिक्षा एकच, गार पाण्याची आंघोळ, अशी होती.

दर आठवड्याला जळणाची मोळी घेऊन आमच्याकडे एक बाई येई. तिला नाव असणारच. पण घरात तिचा उल्लेख 'मोळीवाली' असाच होई, आणि ती उभी राही ती ओसरीच्या पायरीखाली, उघड्या अंगणात. पैसे तिच्या हातावर ठेवायचे नाहीत, हाताच्या वर वीतभर धरून सोडायचे, असा दंडक होता. एका सकाळी ओसरीवरच्या झोपाळ्याच्या फळीवर घोंगडी टाकून मी बसल्या जागी मागेपुढे घसटत होतो. पाय अर्थातच अधांतरी होते. आजीने दुरून एक ढब्बू पैसा माझ्या ओंजळीत टाकला आणि तो तिला देण्यास फर्मावले. मी झोपाळ्यावरूनच वाकलो, पैसा दोन बोटांत धरून तिच्या पसरलेल्या तळव्यावर नेला, आणि आळसाने म्हणा, खोडसाळपणाने म्हणा, वीतभराऐवजी तो तीळभर अंतर राहीपर्यंत खाली नेला. तोच टच् असा आवाज होऊन पैशाच्या कडेपासून तिच्या तळव्यापर्यंत एक ठिणगी गेली. "अगं बया! चावलं की पोरगं!" असे ओरडून तिने हात मागे घेतला, पैसा पायऱ्यांवरून घरंगळत गेला, आणि मग ती खळखळून हसली. मीही हसलो. आजी हसली नाही.

"शिवलास का रे तिला?" तिने विचारले. मी नाही म्हणालो. "पैसा सोडला होतास?" सोडला नव्हता. "मग पैसा तिच्या हाताला टेकला होता?" टेकलाही नव्हता. मध्ये अंतर होते, आणि त्या अंतरातून काहीतरी गेले होते, हे तिघांनीही डोळ्यांनी पाहिले होते. आजीच्या एवढ्या विस्तृत शास्त्रात या प्रसंगासाठी कलम नव्हते. ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. "कोरड्याला विटाळ नाही," असा तिने शेवटी निकाल दिला. आणि किंचित थांबून, आपल्याच निकालावर आपणच अपील दाखल केल्याप्रमाणे, "तरी आंघोळ कर," म्हणाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मामलेदार कचेरीत कारकून होते. कीर्द लिहिणे, तीवरून खतावणी करणे, सालअखेर ताळेबंद जुळवणे आणि उरलेल्या वेळात दाखल्या-दस्तऐवजांच्या नकला उतरवणे, यांत त्यांचे आयुष्य गेले. लखोट्यांवर मोहोर करण्यासाठी लागणारी लाखेची तांबडी कांडी त्यांच्या गरम कोटाच्या खिशात असे, आणि तिचा सरकारी उपयोग संपला की तिचा खाजगी उपयोग मी करीत असे. कांडी कोटाच्या बाहीवर खसाखसा घासायची आणि कागदाच्या कपट्यांवर धरायची; कपटे उठून उभे राहत, थरथरत, उडी मारून कांडीला लटकत. ते लटकतात हे मी फारशी चिकित्सा न करता मान्य केले होते. परंतु त्यांतले काही कपटे क्षणभर लटकून मग चटका बसल्याप्रमाणे दूर उडतात, ज्याच्याकडे एवढ्या ओढीने धावले त्याच्यापासून स्पर्श होताच पळ काढतात, हे काय गौडबंगाल आहे, याचा उलगडा अण्णांना करता येईना. "कचेरीत नवा माणूस आला की असंच होतं," असे ते म्हणाले. पण ते उत्तर नव्हते.

हा खेळ मात्र फार प्राचीन आहे. एका जातीच्या वृक्षांचा चीक लक्षावधी वर्षे भूगर्भात राहून त्याचा पिवळसर पारदर्शक खडा बनतो. तो लोकरीवर घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. या गुणावरूनच संस्कृतात त्याला तृणमणि म्हणाले, आणि फारसीत त्याचे नाव कहरुबा, म्हणजे गवताचा लुटारू, असे पडले. जी घटना एका भाषेला रत्नाच्या कौतुकाची वाटली तीच दुसरीला दरोड्याची वाटावी, ही मौज आहे. ग्रीकांनी त्या खड्याला 'इलेक्ट्रॉन' असे नाव दिले होते, आणि दैवगती अशी, की पुढे जगभर रूढ झाले ते हेच नाव. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या मायलीटसच्या थेलीसला या आकर्षणाची माहिती होती असे परंपरा सांगते. आपल्याकडे वैशेषिकांनी लोहचुंबकाकडे धावणाऱ्या सुईचे कारण 'अदृष्ट' असे नोंदवून ठेवले. कारण दिसत नसेल तर त्याला अदृष्ट म्हणावे, हे उत्तर प्रामाणिक आहे. दोष असलाच तर एवढाच, की त्या शब्दाने प्रश्न मिटल्यासारखा वाटतो आणि पुढची दोन हजार वर्षे कोणी कांडी घासून पाहत नाही.

घासून पाहिली ती एलिझाबेथ राणीचा वैद्य असलेल्या विल्यम गिल्बर्टने. त्याचा लोहचुंबकावरचा ग्रंथ १६०० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्याने तृणमणीची मिरासदारी संपुष्टात आणली. टाचणीवर तोललेली एक हलकी सुई करून तिच्याजवळ तो एकामागून एक घासलेले पदार्थ नेऊ लागला, तेव्हा काच, गंधक, हिरा, नीलमणी आणि मोहोर करण्याची लाख, अशी कितीतरी द्रव्ये हाच गुण दाखवू लागली. अण्णांच्या खिशातल्या कांडीचे नाव असे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरी दाखल झालेले पाहून मला पुढे विलक्षण आनंद झाला. गिल्बर्टने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली: हवा दमट असली की हा गुण मंदावतो.

तथापि या शास्त्राचा जो खरा नायक मी मानतो, तो वैद्यही नव्हता आणि पंडितही नव्हता. स्टीफन ग्रे हा कँटरबरीच्या रंगाऱ्याचा मुलगा, स्वतःही रंगारी. कापड रंगवून रंगवून प्रकृती ढासळल्यावर म्हातारपणी तो लंडनच्या चार्टरहाऊस या धर्मादाय आश्रमात अन्नवस्त्राच्या सोयीने राहिला. जवळ पैसा नाही, उपकरणे नाहीत. एक काचेची पोकळ नळी होती आणि अमर्याद मोकळा वेळ होता. धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडांना त्याने बुचे बसवली होती. १७२९ साली त्याच्या ध्यानात आले, की नळी घासली असता नळीजवळचे पीस बुचाकडे धावते. म्हणजे बूच घासलेले नाही, नुसते शिवलेले आहे, तरी त्याला तो गुण लागला आहे! मग त्याने बुचात काडी खोचली, काडीच्या टोकाला हस्तिदंती गोळी लावली. गुण गोळीपर्यंत गेला. काडीऐवजी सुतळी बांधली, सुतळीतून गेला. सज्जातून सुतळी खाली सोडली, तरी गेला. येथे मला आजीची दहा माणसांची रांग आठवल्यावाचून राहत नाही.

उभी सुतळी संपल्यावर ती आडवी न्यावी असे त्याच्या मनात आले, आणि तेथे गाडे अडले. कारण तुळईला सुतळीचेच फास बांधून त्यांतून ती ओवली, तेव्हा सारा गुण फासांवाटे तुळईत जिरून गेला. ग्रॅनव्हिल व्हेलर नावाच्या त्याच्या मित्राने सुचवले, की फास रेशमाच्या दोऱ्याचे करावेत. दोरा बारीक, त्यातून गळती थोडी होईल. युक्ती फळली, ऐंशी फुटांच्या दालनात या टोकाला घासलेल्या नळीने त्या टोकाला पितळेचा वर्ख उचलला. पुढे सुतळी लांबवता लांबवता तिच्या भाराने रेशीम तुटले. तेव्हा तितकीच बारीक पण मजबूत म्हणून पितळेची तार घेतली, आणि सारा खेळ पुन्हा ठप्प. त्या क्षणी ग्रेला उमगले, की गोष्ट बारीक-जाडीची नव्हतीच, जातीची होती: रेशीम अडवते, पितळ जाऊ देते. वाहक आणि दुर्वाहक हा भेद, ज्यावर आजचा प्रत्येक खांब, प्रत्येक तार आणि तारेवरचे प्रत्येक वेष्टन उभे आहे, तो असा एका तुटलेल्या दोऱ्यातून निघाला. पुढल्या वर्षी त्याने आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा रेशमी दोरांनी आडवा टांगला, त्याच्या पायांजवळ घासलेली नळी धरली, आणि पोराच्या तोंडाकडे वर्खाचे तुकडे उडू लागले. माणूस वाहक आहे. त्याला रेशमाने टांगा किंवा राळेच्या वडीवर उभा करा, म्हणजे त्याला लागलेला गुण त्याच्यापाशीच राहतो.

पुण्यास महाविद्यालयात असताना हे प्रथम वाचले, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. रेशीम, लोकर, कोरडे लाकूड आणि कोरडे धान्य यांतून जात नाही, ओल्यातून जाते, स्पर्शाने एकापासून दुसऱ्याकडे जाते: ही यादी मला कोणी नव्याने शिकवावी लागली नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या पूर्वजांना विद्युत्शास्त्र अवगत होते आणि सोवळे हे त्याचेच गूढ रूप होय, असे छातीठोकपणे सांगणारे व्याख्याते दर वसंत व्याख्यानमालेत एक तरी निघतोच. मी त्यांच्यापैकी नाही. ग्रेच्या यादीतील प्रत्येक नोंद एका फसलेल्या प्रयोगाची आहे, आणि ज्याला वाटेल त्याने ती पुन्हा पडताळून पाहावी. आजीच्या यादीचा पडताळा पाहण्याची सोय नव्हती. पाहू जाणाऱ्याला आंघोळ घडे. शिवाय काचेच्या नळीतला गुण कोणाच्याही बोटाने निघून जातो, मुलगा दोरावरून उतरला की तो चारचौघांसारखा होतो. मोळीवालीच्या ठिकाणी कल्पिलेला गुण असा कधीच उतरत नव्हता, तो तिच्याबरोबर जन्माला येई आणि तिच्या मुलांना वारशाने मिळे. दोन शास्त्रांत साम्य असेल ते वस्तूंच्या यादीपुरते.

कपट्यांचे कोडे १७३३ साली पॅरिसात द्यु फे या गृहस्थाने सोडवले. सोन्याचा वर्ख घासलेल्या काचेकडे धावला, तिला शिवला, आणि तिच्यापासून उडाला. तोच वर्ख घासलेल्या राळेकडे मात्र झेपावला. म्हणजे गुण दोन प्रकारचे आहेत, एक काचेचा आणि एक राळेचा. सजातीय एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ओढतात. कागदाचा कपटा आरंभी तटस्थ असतो. कांडी जवळ येताच त्याच्यातला विजातीय अंश कांडीच्या बाजूला सरकतो व सजातीय पलीकडे हटतो, आणि अंतर वाढले की ओढ झपाट्याने घटत असल्यामुळे जवळच्याची ओढ दूरच्याच्या रेट्यावर मात करते. अंतर दुप्पट झाले की बळ चौथाईवर येते, हा हिशेब १७८५ साली कूलंबने तारेच्या पिळावरून मोजून दाखवला. एकदा कपटा कांडीला शिवला, की कांडीचाच थोडा अंश त्याच्याकडे येतो, तो सजातीय बनतो, आणि उडतो.

यानंतरची पायरी समजायला मला अण्णांची कीर्दच उपयोगी पडली. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ साली एका पत्रात एक प्रयोग वर्णिला आहे, तो असा: दोन माणसे मेणावर उभी करावीत. एकाने काचेची नळी घासावी, दुसऱ्याने तिच्याजवळ बोट नेऊन तिचा गुण आपल्याकडे घ्यावा. आता जमिनीवर उभ्या असलेल्या तिसऱ्याने पहिल्याला शिवावे: ठिणगी. दुसऱ्याला शिवावे: ठिणगी. परंतु तिसऱ्याला बाजूला ठेवून त्या दोघांनीच एकमेकांना स्पर्श केला, तर ठिणगी त्याहून मोठी पडते. आणि त्यानंतर दोघांपैकी कोणातच काही उरत नाही. घासणाऱ्याकडून जेवढे गेले तेवढेच घेणाऱ्याकडे आले होते, नवे असे काही उत्पन्न झालेच नव्हते. एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. फ्रँकलिन स्वतः छापखाना चालवणारा, हिशेबी माणूस. त्याने आधिक्याला धन म्हटले, तुटीला ऋण म्हटले, आणि घर्षण ही उत्पत्ती नसून निव्वळ बदली आहे, हे सांगून टाकले. आजतागायत विद्युत्भाराच्या या ताळेबंदात एका पैचीही तफावत कोणाला सापडलेली नाही. ज्याला हा पतंगवाला फ्रँकलिन म्हणूनच ठाऊक आहे त्याला माझे सांगणे, की पतंग विसरला तरी चालेल, हा जमाखर्च विसरू नये.

मात्र एक चूक झाली. घासलेल्या काचेत आधिक्य येते की तूट येते, हे पाहण्याचे साधन फ्रँकलिनच्या जवळ नव्हते. त्याने आधिक्य धरले, काचेला धन ठरवले. पुढे १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन हा कण दाखवून दिला, आणि घासाघाशीत जे इकडून तिकडे जाते ते हेच कण, असे कळून चुकले, तेव्हा उघडकीस आले ते असे की रेशमाने काच घासली असता कण काचेतून निघून रेशमात जातात. म्हणजे ज्याच्याकडे आवक झाली तो ऋणको, आणि ज्याची तिजोरी रिकामी झाली तो धनको! मी सुट्टीत घरी आलो असता हे अण्णांना मोठ्या उत्साहाने सांगितले, कारण चुकलेल्या खतावणीची गोष्ट त्यांना रुचेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बेरीज जुळते ना?" त्यांनी विचारले. जुळते, मी म्हणालो. सगळीकडेच उलट मांडले आहे, त्यामुळे जुळते. "मग खोडाखोड करू नये," ते म्हणाले. "वही खराब होते." जगातल्या शास्त्रज्ञांनीही नेमके हेच केले आहे.

घासल्याने कण का हलावेत, याचे पुरते उत्तर अद्याप एकमताने दिले गेलेले नाही, ही गोष्ट मला कधी कधी फार आवडते. घासणे हे तितकेसे आवश्यकच नाही. दोन भिन्न पदार्थ नुसते एकमेकांना टेकले आणि सुटले, तरी काही कण एकाचे दुसऱ्याकडे राहतात. घासण्याने टेकण्याच्या जागा वाढतात, इतकेच. आणि हे राहिलेले कण तरी किती? वस्तूच्या पृष्ठभागावर लाख अणू असतील तर त्यांपैकी एखाद्याच्या हिशेबात फरक पडतो; याहून अधिक साठू लागले की हवाच फुटते आणि ठिणगी होऊन ते निघून जातात. एक कूलंब एवढा भार म्हणजे काही फार नव्हे, साठ वॅटच्या दिव्यातून तेवढा चार सेकंदांत वाहून जातो. पण वाहत असतो तोवर तारेत धन-ऋणाची जोडी अभंग असते. तेवढाच भार सुटा काढून एका ठिकाणी ठेवता आला आणि दुसरा तसाच मीटरभर अंतरावर ठेवला, तर त्यांच्यामधला रेटा नऊ लाख टन ओझ्याइतका होईल. माझ्या मेजामध्ये, शाईच्या दौतीमध्ये, माझ्या करंगळीत असे किती कूलंब निजलेले आहेत याची मोजदाद करवत नाही. ते इतके तंतोतंत फिटलेले आहेत, की कांडीने एका कपट्याला उचलले तर आपण टाळ्या वाजवतो.

ठिणगीचा चटका हाही असाच. मिलिमीटरभर हवा फोडायला तीन-चार हजार व्होल्ट लागतात, आणि घरातल्या दिव्याला दोनशे तीस पुरतात, हे ऐकून माझ्या धाकट्या बहिणीने कित्येक दिवस घोंगडीला हात लावला नाही. तिला सांगितले, की कोकणकड्यावरून पडलेला पाण्याचा थेंब फार उंचावरून पडतो खरा, पण तो थेंबच असतो. प्रवरेच्या पाटाचे पाणी हातभर उंचीवरून पडते, आणि ते गुरे वाहून नेते.

मुंबईला नोकरीस आल्यावर ठिणग्यांचा आणि माझा संबंध तुटला. समुद्रावरची ओल प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढवते, आणि साठलेला भार त्या पापुद्र्यावरून हळूच पसार होतो. गिल्बर्टने म्हटले होते तसेच. आमच्या चाळीतले एक गृहस्थ कापडगिरणीच्या कताई खात्यात होते. ते सांगत, की हवा कोरडी पडली की कापसाचे तंतू एकमेकांपासून फिसकारून उभे राहतात, सूत फुगते, सारखे तुटते. म्हणून खात्यात पाण्याचा धुरळा सोडतात, आणि कामगार दिवसभर त्या वाफाऱ्यात भिजतो. ओल धाग्याला मानवते; छातीला मानवत नाही. वैशाखातल्या वळिवाच्या ढगातही हीच घासाघाशी चालते, तेथे हिमाचे स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटून भार वाटून घेतात, पण त्याविषयी पुष्कळांनी लिहिलेले आहे आणि माझा जीव ठिणगीत अडकलेला आहे.

अण्णांचे मात्र एक राहिले. नकला उतरवता उतरवता त्यांची बोटे वाकडी झाली. ते ज्या काळात टाक झिजवत होते त्याच काळात न्यूयॉर्कात, एका कंपनीच्या एकस्व (पेटंट) विभागात, चेस्टर कार्लसन नावाचा एक संधिवाती इसम नकलांना असाच कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत त्याने व त्याच्या ऑटो कोर्नाय या मदतनिसाने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो रुमालाने घासून भारित केला, काचपट्टीवर शाईने लिहिलेली तारीख व जागेचे नाव त्यावर धरून दिवा पाडला, आणि मग एका वनस्पतीची बारीक भुकटी भुरभुरून फुंकर मारली. जेथे उजेड पडला तेथला भार निघून गेला होता. अक्षरांच्या सावलीत तो टिकला होता, आणि भुकटी तेथेच चिकटली. रुमालाने घासणे आणि कपटे उचलणे, एवढ्यावर झालेली जगातली ही पहिली कोरडी नक्कल. अण्णा निवृत्त झाले त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांच्या कचेरीत ते यंत्र आले. त्यांना ते दाखवायला मी घेऊन गेलो. नक्कल गरम गरम बाहेर आली, त्यांनी ती हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि खाली नक्कल करणाराची सही नाही, असा शेरा मारला.

ओसरीवरच्या त्या ठिणगीचा हिशेब मी मागाहून करून पाहिला आहे. तीळभर अंतर, मुलाएवढे अंग, कोरडी हवा, हे धरले तर एक-दोन लाख कोटी इलेक्ट्रॉन त्या निमिषात इकडून तिकडे गेले असावेत. ते माझ्याकडून तिच्याकडे गेले की तिच्याकडून माझ्याकडे आले, ते मात्र सांगता येत नाही. माझ्या अंगावरचा भार धन होता की ऋण हे पाहायला तेथे कोणी सुवर्णपत्राचा विद्युद्दर्शक धरून उभे नव्हते. ती अनवाणी जमिनीवर होती, म्हणजे तिच्यामागे साऱ्या पृथ्वीचा खजिना होता, आणि एवढ्या रकमेची आवक-जावक त्या खात्यात दिसूनही येत नाही. आजीने सांगितलेल्या आंघोळीने माझ्या अंगावरची उरलीसुरली बाकीही फिटली असणार. उपाय म्हणून त्यात शास्त्रदृष्ट्या काहीच वावगे नव्हते.

पुढच्या आठवड्यात मोळी आली तेव्हा आजी मुद्दाम येऊन उंबऱ्यात बसली. मी झोपाळ्यावरून उतरून पायरीशी गेलो आणि दंडकाप्रमाणे पैसा वीतभर उंच धरला. मोळीवालीने एकदा आजीकडे पाहिले, एकदा माझ्या बोटांकडे पाहिले. "का रं बाळा," ती म्हणाली, "आज इज न्हाई व्हय हातात?" आणि पसरलेला तळवा तिने हळूहळू वर आणला.